चटईवरची पावलं

उरणच्या मिठागरांना लागून आमचं संशोधन केंद्र आहे, तीन विद्यापीठांनी मिळून चालवलेलं. कृत्रिम हात, कानाची यंत्रं, असलं काय काय तिथे बनतं. माझं काम माणसांची चाल मोजायचं. जमिनीवर सेन्सर बसवलेली लांब चटई असते. तिच्यावरून कुणी चाललं की प्रत्येक पाऊल पडद्यावर उमटतं.

त्या दुपारी कमळमावशी आल्या. सगळा जन्म मिठागरात गेलेला, आणि वर्षभरापूर्वी डावा पाय लुळा पडलेला. त्यांच्यासाठी आम्ही पायाला आधार देणारा एक ब्रेस बनवला होता. तो बांधण्याआधी नुसती चाल नोंदवायची होती. खिडकीबाहेर मिठाचे ढीग उन्हात इतके पांढरे झाले होते की खोलीतला उजेडही दुधासारखा वाटत होता. बंद काचांतूनही खाडीचा ओलसर वास येत होता.

मावशी काठी बाजूला ठेवून हळूहळू चालल्या, डावीकडे किंचित कलून. पडद्यावर त्यांची पावलं उमटली... आणि त्यांच्या शेजारून आणखी एक जोडी. अनवाणी, रुंद, बोटं फाकलेली.

मी चटई पुसली, यंत्र बंद करून पुन्हा लावलं. "मावशी, परत एकदा चाला बघू."

परत तेच.

"काय झालं गं, बाय?"

"तुमच्या डाव्या अंगाला... कुणीतरी..."

त्या हसल्या. "आमचं मालक हाईत. बांध फुटला त्या साली खाडीत गेले. मी पडू न्हाय म्हणून हात धरतात."

मी घाबरायला हवं होतं. पण त्या उजेडात सगळं झोपेत ऐकल्यासारखं, खरंच वाटलं. मी त्यांच्या पायाला ब्रेस बांधला. त्या उभ्या राहिल्या आणि डावी मूठ सावकाश उघडली.

"आता जमतंय मला," शेजारी बघत त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही या आता..."

त्या टोकापर्यंत चालत गेल्या. पडद्यावर एकच जोडी होती. मावशी रडल्या, मीही.

संध्याकाळी मी जिना उतरत होते. पाय घसरला नव्हता, कठडा घट्ट हातात होता. तरी माझ्या डाव्या कोपराखाली एक तळवा आला. गार, खरखरीत. एकेक पायरी मला जपून खाली घेऊन गेला... शेवटच्या पायरीनंतरही त्यानं सोडलं नाही. पार गेटपर्यंत.

आठवड्यानं मावशी तपासणीला आल्या. काठी नाही, चेहरा उजळलेला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "पाय लुळा पडला, म्हणून मालक आधार द्यायला यायला लागले ना?"

त्या ब्रेसचा बंद आवळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"न्हाय गं बाय... आधी ते आले. पाय मागनं गेला."