त्याचा पाव, आमचा पालक

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा माझ्याशी नाही, पुठ्ठ्याच्या बाईशी बोलायला लागला.

आमच्या चष्म्याच्या दुकानात दाराजवळ एक जाहिरातीची बाई उभी असते. माणसाएवढी उंच, हसरी, नाकावर लाल फ्रेम. तो तिच्यासमोर थांबला, घसा खाकरला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "मॅडम, मागच्याच महिन्यात इथून चष्मा केला होता. पण नीट दिसत नाहीये."

मी काउंटरमागेच होते. लगेच बोलायला हवं होतं. पण त्याचा आवाज इतका शांत, इतका... उबदार होता, की वाटलं, अजून एक वाक्य ऐकू या.

"तुम्ही कामात असाल तर थांबतो," तो तिला म्हणाला.

"त्या कायम कामात असतात," मी म्हणाले. "माझ्याकडे या."

तो वळला. आधी कान लाल झाले, मग सगळा चेहरा. "नीट दिसत नाही म्हणालो ना," तो म्हणाला, आणि दोघंही हसलो.

आमच्याच रस्त्याच्या टोकाला त्याची बेकरी होती. मागच्या वेळी मी रजेवर होते, म्हणून त्याचे डोळे मालकांनी तपासले होते. मी त्याला तपासणीच्या खुर्चीवर बसवलं आणि एकेक काच बदलत गेले. नंबर पार बदललेला होता. एका महिन्यात डोळे एवढे बदलत नाहीत. तेवढ्यात त्यानं दुसऱ्यांदा पाणी मागितलं.

"हल्ली फार तहान लागते?"

"भट्टीसमोर उभा असतो ना दिवसभर."

"आणि थकवा?"

त्यानं ग्लास खाली ठेवला. "हे डोळ्यांचे प्रश्न आहेत का?"

"नाहीत," मी म्हणाले. "मी डॉक्टर नाही. पण आज मी तुमचा चष्मा बनवणार नाही. आधी रक्त तपासून घ्या."

पुढच्या आठवड्यात तो परत आला. या वेळी बरोबर काउंटरशी आला आणि त्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. मोठे, स्वच्छ हात... नखांच्या कडेला पिठाची बारीक पांढरी रेघ.

"साखर," तो म्हणाला. "भरपूर. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. आणि पाव बंद, भात बंद, बटाटा बंद, गोड बंद. भाज्या खा म्हणाले, अंडी, मासे, दही. बेकरीवाल्याला सांगतायत हे."

मी हसू दाबलं.

"हसा की. मी त्यांच्यासमोरच हसलो होतो." मग हळूच विचारलं, "आता चष्मा?"

"साखर खाली येताना नजर पुन्हा बदलेल. ती एका जागी थांबेपर्यंत नवा चष्मा नको."

"म्हणजे तोवर सगळं धूसर?"

"थोडंसं."

"तुम्हीपण?"

"मीपण."

"हे वाईट झालं," तो म्हणाला. त्यात काही लाडीगोडी नव्हती, नुसतं खरं सांगितल्यासारखं सांगितलं. मी आधीच स्वच्छ असलेली एक काच पुन्हा पुसायला घेतली.

"मग काय खाता हल्ली?" काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं.

"कोबी उकडतो. मग खातो. मग उदास होतो."

तो बेकरीच्या वरच्या खोलीत एकटा राहायचा. पिठाचं सगळं यायचं त्याला, भाजीचं काहीच नाही. आणि आमच्या घरी नेमकं उलटं. माझी आई शाळेत खेळाची शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर तिनं घरामागच्या जमिनीला शिस्त लावायला घेतली. पालक, फरसबी, वांगी, फ्लॉवर, काकड्या, मुळे... सगळे तिच्यापुढे रांगेत उभे. खाणाऱ्या आम्ही दोघीच. आई पिशवी घेऊन निघाली की शेजारपाजारची दारं पटापट लागायची, कारण मागच्याच काकड्या संपलेल्या नसायच्या.

"माझ्या आईला भेटाल?" मी विचारलं. विचारल्यावर लक्षात आलं की हे भलतंच वाटतंय. "म्हणजे... भाजीसाठी."

"भाजीसाठी," तो गंभीरपणे म्हणाला. "येतो."

आईनं त्याला फाटकातच आपादमस्तक न्याहाळलं. "कोबी नुसता उकडतोस म्हणे?"

"हो, काकू."

"काय बिघडवलंय रे त्या कोबीनं तुझं?"

त्या रविवारी तिनं त्याला स्वयंपाकघरात उभं केलं. फ्लॉवर बारीक किसून लोण्यात परतायला लावला. वांग्याच्या जाड चकत्या तव्यावर दोन्हीकडून चांगल्या लाल करायला शिकवल्या. फरसबीवर लसूण, पालकावर अंडं. त्याचा हात हलका होता. एकदा दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नव्हतं.

"काकू, हा फ्लॉवर ना?"

"भात समज."

"भातासारखा नाही लागत."

"म्हणून तर समज म्हणतेय."

तो निमूट खात राहिला. मग त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि आईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू तिच्या शाळेनं सामना जिंकला होता.

दर रविवारी तो यायला लागला. मग बुधवारीही. येताना कागदात गुंडाळलेला गरम पाव आणायचा, जाताना हिरवी पिशवी न्यायचा. काही दिवसांनी तो मला "अहो चष्मेवाल्या" म्हणायला लागला, मग नुसतं "चष्मेवाली", मग कधीतरी "तू". कुठल्या दिवशी ते आठवत नाही.

एकदा आम्ही मागच्या पायरीवर फरसबी मोडत बसलो होतो. तो म्हणाला, "एक काम करशील? माझा पाव चाखशील? रोज, पहिला. मला आता चव घेता येत नाही. एक घास घेतला की थांबता येत नाही मला. आणि न चाखता केला तर परवा मीठच विसरलो."

"मला त्यातलं काय कळतं?"

"जीभ आहे ना?"

"आहे."

"बोलते तर छान."

अशी मी सकाळी दुकान उघडण्याआधी बेकरीत जायला लागले. भट्टीच्या उबेनं काचांवर वाफ धरलेली असायची. तो पाव मोडून माझ्यासमोर धरायचा आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. त्याला धूसर दिसतं हे माहीत असूनही मला चावताना संकोच वाटायचा.

"चांगला आहे," मी म्हणायचे.

"चांगला म्हणजे?"

"म्हणजे... ठीक."

"काकू म्हणाल्याच होत्या. तुला जेवणाबद्दल दोनच शब्द येतात."

मग मी शिकले. कवच दाताखाली कसं फुटतं, आतला मऊ भाग किती ओढून तुटतो, आंबटपणा जिभेवर आधी येतो की मागाहून. मी सांगायचे आणि तो डोळे मिटून ऐकायचा, जणू माझ्या शब्दांतून त्याला खरंच घास मिळत होता. "अजून सांग," तो म्हणायचा. मी अजून सांगायचे. माझे कपडे घट्ट होत चालले आणि त्याचे सैल.

पावसाळी ढग येऊन गेले, बागेतल्या वांग्यांच्या जागी मुळे आले, आणि त्याचे रक्ताचे रिपोर्ट एकसारखे चांगले येऊ लागले. मी त्याला पुन्हा त्या खुर्चीवर बसवलं. नजर थांबली होती. चष्मा तयार झाला तेव्हा मी स्वतः त्याच्या कानांमागे काड्या नीट बसवल्या. त्यानं तक्ता वाचला, वरून खाली, एकही अक्षर न चुकता. मग माझ्याकडे वळला... आणि बघतच राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. वाचतोय."

"तक्ता तिकडे आहे."

"तो झाला वाचून," तो म्हणाला.

इथंच काहीतरी बोलायला हवं होतं, त्यानं किंवा मी. पण मालक आत आले, गिऱ्हाईक आलं, आणि ते राहून गेलं.

मग त्याला एक मोठी ऑर्डर आली. सलग काही दिवस तो पहाटेपासून भट्टीसमोर उभा होता. एका सकाळी मी गेले तर तो पिठाच्या पोत्यावर बसला होता. समोर पाव नव्हता. नुसता कागद होता.

"आज चाखायला काही नाही," तो म्हणाला. "मी खाल्ला. अख्खा. कालही. परवाही."

माझा आवाज चढला तो भीतीनं. "अरे, मग सांगायचं ना. एवढे महिने आई आणि मी..."

"माहीत आहे मला."

"मग का?"

त्यानं चष्मा काढून हातात धरला. "माझे वडील याच भट्टीसमोर उभे असायचे. त्यांनाही साखर होती. आधी पाय गेला, मग ते गेले. तेही म्हणायचे, उद्यापासून नाही खाणार." जरा थांबून तो म्हणाला, "ताई कधीपासून मागे लागलीये. तिच्या घरचं फर्निचरचं दुकान आहे, तिकडे ये म्हणते. मी जाऊन बघतो थोडे दिवस. इथे राहिलो तर मला नाही जमणार."

राहा, असं म्हणायला जीभ उचलली होती. पण जिथे त्याचा जीव जाईल तिथे राहा असं कुठल्या तोंडानं म्हणणार? "जा," मी म्हणाले. "तब्येतीला जप." एवढंच. दोनच शब्द येणारी मी, तशीच निघाले.

बेकरीचं शटर खाली आलं. आई रविवारी सवयीनं तीन ताटं घ्यायची आणि एक परत ठेवायची. ती मला काही बोलली नाही, पण मुळ्यांवर उगीच खेकसायची. मी सकाळी त्याच रस्त्यानं दुकानात जायचे. पावाची आठवण येत नव्हती, खरं सांगते. आठवण यायची ती डोळे मिटून ऐकणाऱ्या माणसाची. दिवसभर मी लोकांना विचारत असायचे, "आता स्पष्ट दिसतंय का?" आणि माझं मलाच इतकं स्पष्ट दिसत होतं की लाज वाटत होती.

एका शनिवारी मी आईला म्हणाले, "तो सकाळी काय खायचा गं? आपल्याकडे जेवायचा तो रविवार-बुधवार. भट्टी पेटवताना काय खायचा?"

आई निवडत असलेला पालक खाली ठेवून विचारात पडली. "काही नाही. चहा म्हणायचा, बिनसाखरेचा. मग दुपारीच."

"म्हणजे पहाटेपासून उपाशीपोटी, गरम पावांसमोर."

"अगं, आपण दोघी किती गाढव आहोत," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं स्वयंपाक केला. पालक परतला, त्यावर अंडी फोडली. खालची बाजू करपली. डबा भरला आणि बसनं त्याच्या ताईच्या गावाला निघाले. अर्धा दिवस खिडकीबाहेर शेतं आणि गोदामं जात राहिली आणि मी डबा मांडीवर घट्ट धरून काय बोलायचं ते पाठ करत होते.

फर्निचरच्या दुकानात तो एका कपाटाच्या दाराला बिजागरी बसवत होता. बाहेर बारीक अवकाळी पाऊस होता आणि मी भिजले होते. त्यानं मला दुरूनच ओळखलं. स्क्रूड्रायव्हर हातातून खाली पडला, तो त्यानं उचललाही नाही.

त्याच्या ताईनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "ही चष्मेवाली ना?" ती म्हणाली. "टॉवेल देते. बसा तुम्ही." आणि टॉवेल देऊन पुन्हा आत गेली ती आतच राहिली.

विक्रीला ठेवलेल्या एका नव्याकोऱ्या टेबलाशी आम्ही समोरासमोर बसलो. पाठ केलेलं सगळं विसरले. डबा पुढे सरकवला.

"काकूंनी दिलं?"

"मी केलंय."

त्यानं झाकण उघडलं. वासावरून त्याला कळलं असणार. तरी त्यानं खाल्लं, सावकाश, करपलेली बाजूही.

"कसं आहे?" मी विचारलं.

"चांगलं."

"चांगलं म्हणजे?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "म्हणजे खाली करपलंय, वर कच्चं आहे, आणि मीठ घालायचं राहिलंय." मग त्याचा आवाज खाली आला. "आणि इथे आल्यापासून यापेक्षा चांगलं काही खाल्लेलं नाही मी."

"इथे बरं वाटतंय?"

"साखर बरी आहे." तो टेबलाच्या गुळगुळीत कडेवरून बोट फिरवत राहिला. "दिवसभर लाकडाचा वास येतो. छान असतो. पण सकाळी जाग येते तेव्हा हातांना काही काम नसतं."

"तू उपाशीपोटी भट्टीसमोर उभा राहायचास," मी म्हणाले. "तिथं चुकत होतं. आधी पोटभर खायचं, मग भट्टी पेटवायची. तरी नाही जमलं तर भट्टी बंद कर, मी काही म्हणणार नाही. पण एकदा असं करून बघ."

त्यानं डब्याचं झाकण लावलं. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"पहाटे मला भूक नसते," तो म्हणाला. "कोणीतरी समोर बसून खायला लावावं लागेल."

"मी लावीन."

"एकदा नाही. रोज."

"रोज."

"एवढ्या पहाटे तू घरून कशी येणार? रस्त्यावर चिटपाखरूही नसतं."

त्याचा चष्मा मीच बनवला होता. माझ्या चेहऱ्यावरचं काहीही आता त्याच्यापासून लपणार नव्हतं. मग कशाला लपवायचं?

"घरून कशाला यावं लागेल?" मी म्हणाले. "तिथेच असेन मी."

त्यानं डबा बाजूला केला. टेबलावरचा माझा ओला हात आपल्या हातात घेतला, आणि आतल्या दाराकडे तोंड करून, नेहमीच्याच शांत आवाजात हाक मारली, "ताई, बाहेर ये. मी उद्या घरी चाललोय."