फाटकापलीकडचा विल्मर

"काका, त्या दिवशीचा अख्खा व्हिडिओ दाखवा ना," नेत्रा म्हणाली.

"ग्रुपवर टाकलाय की. तो पलीकडचा मुलगा चपलांपाशी वाकलेला दिसतोय. आणि नंतर जोड गायब," मनोहर काका म्हणाले.

काकांच्या सत्यनारायणाला आलेल्या पाहुण्यांनी बूट-चपला दाराबाहेर, हिरवळीच्या कडेला काढल्या होत्या. त्यातल्या काही हरवल्या. दारावरच्या कॅमेऱ्यात विल्मर दिसला, आणि कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमधल्या काकांच्या टाउनहाउस सोसायटीने कुंपणातल्या फाटकाला कुलूप घातलं. विल्मर ग्वाटेमालाहून आलेला, कुंपणापलीकडच्या जुन्या अपार्टमेंटमध्ये राहणारा. मैदान आणि लायब्ररी अलीकडे. पलीकडे नुसतं पार्किंग आणि फ्रीवे. सुट्टीत तो रोज लायब्ररीत यायचा, मग सोसायटीतल्या मुलांबरोबर क्रिकेट खेळायचा. आता दिवसभर पार्किंगमध्ये एकटाच बसायचा.

"यार, बॅट उलटी धरतो तो. चोरी काय करणार?" नेत्राचा धाकटा भाऊ ईशान पुटपुटला.

काकांनी कुरकुरत फोन पुढे केला. विल्मर चालला होता. तेवढ्यात हिरवळीवरचे फवारे सुरू झाले. तो धावला, भिजणाऱ्या चपला उचलून त्याने पायरीवर ठेवल्या आणि तो निघून गेला. मग काकाच बाहेर आले, ओले जोड टबात भरून गॅरेजकडे गेले.

"अरे... वाळवायला ठेवले होते मी. पाहुण्यांच्या गडबडीत विसरलोच."

"मग ग्रुपवर एवढाच तुकडा का टाकलात?"

"तेवढाच पाहिला. पाहिला आणि पाठवला."

गॅरेजमध्ये खुर्च्यांमागे टब सापडला. चपलांना बुरशी धरली होती.

संध्याकाळी कुलूप निघालं. "शाब्बास! डिटेक्टिव्हच की तुम्ही," सोसायटीच्या लतिका मावशी म्हणाल्या. पोरं तोवर पलीकडे पळाली होती.

"विल्मर, गेट ओपन आहे. चल, बॅटिंग तुझी," ईशान म्हणाला.

विल्मर उठला नाही. "मम्मी नको म्हणते. परत काही हरवलं तर?" तो इंग्रजीत हळूच म्हणाला.

नेत्रा फाटकाशी परतली.

"मी सॉरी लिहिलंय ग्रुपवर. सगळ्यांनी वाचलं," काका म्हणाले.

"विल्मर आपल्या ग्रुपवर नाहीये, काका."

फोन खिशात टाकून काका पहिल्यांदाच फाटकातून पलीकडे गेले. त्यांना येताना पाहून विल्मर उठला, घरात गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

काका त्या दारासमोर उभे राहिले. बराच वेळ त्यांना बेल वाजवायचा धीर झाला नाही.