एका माणसापुरतं गरम पाणी

त्या वर्षीही निफाडला दिवाळीच्या आधीच नळातलं पाणी गोठायला लागलं. दूरच्या समुद्रातल्या ज्वालामुखींनी आभाळात धूळ उधळली त्याला एक तप उलटून गेलं होतं, पण ती धूळ काही खाली बसली नव्हती. सूर्य दिसायचा तो दुधात पडलेल्या नाण्यासारखा. द्राक्षबागा कधीच संपल्या होत्या. मोठी घरं ऊबदार ठेवणं कुणालाच जमेना, तेव्हा लोक जाड भिंतींच्या, बुटक्या छपरांच्या दोन खोल्यांत राहायला गेले. अन्वी आणि मल्हार बोरस्ते त्यातलेच. दोघांनी पन्नाशी ओलांडलेली. मुलगी केरळात, कोल्लमला नोकरीला होती. तिथे अजून स्वेटरशिवाय बाहेर पडता यायचं.

त्यांच्या घरातला जुना कॉइलचा हीटर आता शेवटच्या घटका मोजत होता. नवं यंत्र निवडायचं होतं. कॉइल म्हणजे सरळ हिशेब: जेवढी वीज जाळाल तेवढीच ऊब. उष्णता-पंपाचं तसं नसतं. फ्रिज जसा आतली उष्णता ओढून मागच्या जाळीवाटे बाहेर टाकतो, तसा हा पंप बाहेरच्या गारठलेल्या हवेतली उरलीसुरली उष्णता ओढून घरात आणतो. थोडक्या विजेत खोली ऊबदार, वर टाकीभर गरम पाणी. फक्त त्याचं माप चुकून चालत नाही. लहान पडला तर माणसं कुडकुडतात. गरजेपेक्षा मोठा घेतला तर सारखा चालू-बंद होऊन लवकर मान टाकतो.

म्हणून यंत्र देण्याआधी घराची मापणी होई. पंप विकणाऱ्या कंपनीची माणसं भिंतींवर कागदासारख्या पातळ पट्ट्या चिकटवून जात. घरात कोण किती वावरतं, कुठे बसतं, किती वेळ आंघोळ करतं, झोपेत अंग किती तापतं, हे त्या पट्ट्या टिपत. त्यातून प्रत्येक माणसाचा एक आलेख तयार होई. त्याला उष्मारेख म्हणत. उष्मारेखेवरून पुढच्या हिवाळ्यात त्या घराला किती ऊब लागेल याचं भाकीत निघे, आणि ते क्वचितच चुके.

बोरस्त्यांचं भाकीत आलं: सर्वांत लहान पंप, एका माणसापुरती टाकी.

मल्हार खो खो हसला. "बघ, तुझ्या दोन तांब्यांच्या आंघोळीची बातमी पार कंपनीपर्यंत गेली!"

अन्वीही हसली. तिने कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीने नम्रपणे सांगितलं, "पुन्हा तपासलं, ताई. आत्ताची गरज दोन माणसांची आहे, ते बरोबरच आहे. भाकीत पुढच्या हिवाळ्याचं असतं."

अन्वीने फोन ठेवून तेच शब्द मल्हारला सांगितले. मल्हारने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचंही हसू मावळलं.

उष्मारेखेची पद्धत शोधून काढणाऱ्या डॉ. शेफाली सोनगिरे नाशिकलाच होत्या. दोघं त्यांना जाऊन भेटले. बाई साठीच्या, बोलायला साध्या. दोघांपुढे चहा ठेवून त्या म्हणाल्या, "आधी एक समजून घ्या. या यंत्रणेला जन्म-मरण काही कळत नाही. तिला फक्त ऊब कळते."

"मग एक माणूस कमी कसा करते ती?" मल्हारने विचारलं.

"आम्ही तिला लाखो घरांचे आलेख दाखवले. या हिवाळ्यात रेघ अशी होती, पुढच्या हिवाळ्यात पाणी इतकं लागलं. एवढंच. हळूहळू ती रेघांची वळणं ओळखायला लागली. काही वळणं अशी असतात की पुढच्या वर्षी त्या माणसाचं गरम पाणी लागतच नाही."

"लागत नाही म्हणजे?"

सोनगिरेबाईंनी कप खाली ठेवला. "शरीरात काही बिघडायला लागलं की अंगाची ऊब आधी बदलते. माणसाला जाणवण्याच्या कितीतरी आधी. तुम्ही दोघं तपासण्या करून घ्या. वेळेवर कळलं तर बरंच काही करता येतं."

"कोणाची रेघ?" मल्हार पुढे वाकला. "तुम्हाला दिसत असेल ना?"

"दिसते. दोघांची तयारी असेल तर सांगते."

"सांगा."

"नको!" अन्वी इतक्या जोरात ओरडली की दारातला शिपाई आत डोकावला. "मॅडम, नका सांगू. मला ऐकायचं नाही."

त्यानंतरचे दिवस अन्वीने जीव मुठीत धरून काढले. रक्त तपासून झालं, हृदय झालं, मग त्या बोगद्यासारख्या यंत्रात पडून राहणं झालं. मल्हार खोकला की ती हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघे. ती पायरीवर जरा थांबली की तो धावत येई. जुन्या हीटरचं पहिलं गरम पाणी तो तिच्यासाठी काढून ठेवायचा, आणि ती ते त्याच्या बादलीत ओतून यायची. दोघंही मरणाचं नाव घेत नव्हते. अंगणातल्या गोठलेल्या तुळशीबद्दल बोलत, मुलीबद्दल बोलत. एकदा जेवता जेवता मल्हार म्हणाला, "ती रेघ माझीच असू दे गं," आणि अन्वी ताटावरून उठून गेली.

अहवाल आले. दोघंही ठणठणीत. रक्त चांगलं, हृदय चांगलं, कुठे गाठ नाही, डाग नाही. इस्पितळाच्या आवारातच मल्हार बाकावर बसून लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "चुलीत गेलं ते भाकीत. आपण दोघांचं मोठं यंत्र घेऊ. चांगलं ऐसपैस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खोलीत यंत्राची मागणी नोंदवायला बसला, आणि अन्वीने स्वयंपाकघरातून सोनगिरेबाईंना फोन लावला. तिला त्यांना थोडं सुनवायचंही होतं.

"मॅडम, तुमचं यंत्र चुकलं. आम्ही दोघं धडधाकट आहोत."

"ऐकून खरंच बरं वाटलं," बाई म्हणाल्या. "पण यंत्र चुकलं असं नाही म्हणता येणार. मी त्या दिवशी अर्धंच बोलले. आधी आजाराचं बघणं गरजेचं होतं. ज्या घरांत एका माणसाचं पाणी लागेनासं झालं, त्यांतल्या पुष्कळ घरांत कुणी मेलं नव्हतं. माणूस जिवंत होता. त्या घरात नव्हता, इतकंच."

"म्हणजे... सोडून गेला?"

"हो. तेही वळण असतं. माणूस खोलीतल्या उबेपासून थोडा थोडा लांब बसायला लागतो. अंथरुणाच्या कडेला सरकतो. आंघोळ उरकती घेतो. घरात असतो, पण पाहुण्यासारखा. भांडण नसतं, काही नसतं. त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. मी कितीतरी जणांना नंतर विचारलं. सगळे म्हणाले, तेव्हा माझ्या मनातही नव्हतं."

अन्वीने दारातून मल्हारकडे पाहिलं. तो चष्मा कपाळावर सारून टाक्यांची चित्रं न्याहाळत होता. हा? हा कुठे जाणार? एवढ्या वर्षांत त्याने काय लपवलं असेल, कोणापाशी जाणार असेल, सगळं एकदम डोक्यात घोंगावलं.

"मॅडम," ती कुजबुजली, "आता सांगा. कोणाची रेघ?"

"नक्की सांगू?"

"सांगा."

"तुमची, अन्वीताई."

"माझी? काहीतरीच काय! मी कुठेही जाणार नाहीये. मला हा माणूस हवा आहे. गेला महिनाभर मी त्याच्यासाठी नवस बोलतेय!"

"मला तुमचं खोटं वाटत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "तुम्हाला जे वाटतंय तेच तुम्ही सांगताय. पट्ट्यांना ते कळत नाही."

फोन बंद करून ती खोलीत आली. मल्हार जुन्या हीटरशेजारच्या बाकड्यावर बसला होता. बाकडं दोघांपुरतं, दुसरी जागा रिकामी. अन्वी सवयीने आपल्या खुर्चीत टेकली आणि मग तिला दिसलं की ती खुर्ची बाहेरच्या दारापाशी आहे. फटीतून वारा पायांना झोंबत होता. तिच्या अंगावर शाल होती, पायांत बाहेरच्या चपला. ही खुर्ची इथे कोणी आणली? कधी आणली? ती आठवत राहिली. मल्हारने खुर्ची हलवल्याचं काही तिला आठवेना.

"अगं, लांब कशाला बसलीस? इकडे ये, चित्र बघ," तो म्हणाला.

ती उठली. चपला काढल्या, शाल काढली, आणि त्याच्याशेजारी अंगाला अंग लावून बसली. त्याने तिचा गार हात आपल्या हातांत घेतला. "मग, मोठंच घेऊ ना?"

"मोठंच घे," ती म्हणाली, आणि ते अगदी मनापासून म्हणाली.

तो खुशीत पुन्हा चित्रांकडे वळला. हीटरची धग तिच्या कुशीला लागत होती. तिच्या कपाळावर घाम जमला, श्वास अपुरा पडायला लागला. हलायचं नाही, तिने स्वतःला बजावलं. दोन्ही हातांनी तिने बाकड्याची कड घट्ट धरली. भिंतीवरच्या पट्ट्या अजून काढल्या नव्हत्या. तिचे पाय मात्र तिला न विचारता दाराच्या दिशेने वळले होते.