तुळसाबाईंचा खांदा

खेमराज माझ्या दारात आला तो चुकून. कटंगीहून आईला घेऊन हाडांच्या डॉक्टरकडे निघाला होता. दवाखाना बंद, आणि बालाघाटच्या त्या गल्लीत उघडी होती ती फक्त माझी मालिशची खोली. आल्या आल्या विचारलं काय, तर तेल चोळून खरंच काही होतं का? मी मंजू, नागपूरला दोन वर्षं हेच शिकून आलेली. डोकं तिथंच तापलं. तरी आईला आत घेतलं आणि दर मंगळवारी यायला सांगितलं.

त्याच्या आईचा, तुळसाबाईंचा, उजवा खांदा आखडला होता. धानाच्या रोवणीत दिवस दिवस वाकून, आणि… नवरा गेल्यापासून वर्षभरात एकदाही न रडून. हे दुसरं माझ्या बोटांना कळलं. चौथ्या मंगळवारी खांद्यामागची गाठ सैल झाली आणि तुळसाबाई हुंदके देऊन रडायला लागल्या. झालं, हा पठ्ठ्या पडदा सारून आत.

"आईले दुखवलं काहून?"

"दुखवलं नाही. वर्षभराचं साठलेलं निघून राह्यलं. बाहेर बसा."

पुढच्या खेपेला त्यानंच सांगितलं, आई सलग झोपली, जेवताना आपणहून बोलली. मग घरी मालिश कशी करायची ते शिकवा म्हणून मागेच लागला. कणीक तिंबावी तसा आईचा खांदा तिंबायचा. मी चिडायचे, तो हसायचा, आणि मी पुन्हा त्याच्या बोटांवर बोटं ठेवून दाब दाखवायचे. हे शिकवणं संपू नये असं वाटायला लागलं तेव्हा मला माझाच संताप आला. माझे हात जितके चांगले चालणार, तितका हा माणूस लवकर यायचा थांबणार. पण खांदा मुद्दाम अर्धवट ठेवणं काही माझ्याच्यानं झालं नाही.

नवव्या मंगळवारी तुळसाबाईंनी हात वर नेऊन स्वतःची वेणी घातली. आता यायची गरज नाही, मीच सांगितलं. अगदी कोरडेपणानं.

पुढच्या मंगळवारी तो एकटाच हजर.

"आता तुमचं काय दुखून राह्यलं?" मी वैतागून विचारलं.

"मले काही नाही. आईनं पाठवलं." तो जमिनीकडे बघत होता. "म्हणे, पोरगी दिवसभर साऱ्याईचे खांदे दाबते… तिचे हात कोण दाबते, पाहून ये." मग मान वर केली. "तिनं नसतं पाठवलं, तरी मी आलो असतो—"

संध्याकाळी माझे अंगठे इतके ठणकायचे की वाटीसुद्धा धरवत नसे. आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी हात पुढे केला. त्यानं तळहातात अंगठा दाबला, नेहमीसारखाच जोरात. माझे डोळे भरून आले, पण दुखलं म्हणून नाही.

"हळू," मी म्हणाले. "अन् मंगळवारची वाट पाहत बसू नका. उद्याच या."