पांढऱ्या भिंतीवरची लाल घोंगडी

अय्यादची बोट भर दुपारी वाळूच्या दांड्यावर बसली, आणि दोष होता एका लाल घोंगडीचा.

लराश बंदराच्या नदीत शिरायचं तर दिवसा दीपगृह आणि त्याखालची पांढरी भिंत एका रेषेत धरावी लागते. आज घोंगडीनं झाकलेली ती भिंत दिसेचना. कमरेपर्यंत भिजलेला अय्याद तावातावानं टेकडी चढून गेला.

"ही घोंगडी कुणाची?"

दीपगृहवाल्याची मुलगी बतूल कपडे पिळत होती. "माझी. का, विकत घ्यायचीय?"

"तिनं माझी बोट वाळूत बसवली, बाईसाहेब!"

बतूलनं भिंतीकडे पाहिलं आणि जीभ चावली. "चुकलं माझं... पण तांडेल, खूण दिसत नाही म्हटल्यावर थांबायचं होतंस ना!"

"थांबणारच होतो. तेवढ्यात घोंगडी वाळत घालणारी दिसली."

ती हसली. मग दोघांनी मिळून घोंगडी उतरवली.

भरतीला बोट सुटली. अय्यादचं येणं काही सुटलं नाही. कधी सार्डिन मासे घेऊन यायचा, कधी नुसताच.

एकदा त्याच्यापुढे पुदिन्याचा चहा ठेवत बतूल म्हणाली, "शुक्रवारी तेतुआनहून काका येताहेत. त्यांच्या मुलासाठी मला मागायला. बाबा म्हणाले, मनात दुसरं कुणी असेल तर त्याआधी सांग."

अय्यादनं पेला खाली ठेवला. "मग... आहे?"

ती पेल्यातली पानं बघत राहिली.

"मी उद्या समुद्रावर निघतोय," तो घाईघाईनं म्हणाला. "गुरुवारी दुपारी येईन. 'हो' असेल तर घोंगडी भिंतीवर टाक. आईला आणि मागणीची साखरेची ढेप घेऊन तडक वर येतो. भिंत पांढरी दिसली, तर... समजेन मी."

गुरुवारी त्यानं लांबूनच पाहिलं. भिंत पांढरीशुभ्र होती.

बोट नदीत शिरली—इतकी सरळ ती कधीच शिरली नव्हती. मान खाली घालून तो धक्क्याला दोर बांधू लागला.

"गाठ नीट मार, तांडेल."

समोर बतूल उभी होती. खांद्यावर लाल घोंगडी.

"अगं... मग भिंतीवर का नाही टाकलीस? माझा जीव गेला असता!"

"तुझ्यामागून गावच्या सगळ्या बोटी येताहेत," ती म्हणाली. "लग्न तुझं. त्यांना कशाला वाळूत बसवू?"

तो नुसता बघत राहिला.

"बघतोस काय? दुकान बंद व्हायच्या आत ढेप घे. बाबांनी चहा ठेवलाय."