मागचा उजवा

जुन्या सामानाच्या दुकानातून होम थिएटरचं ते जडशीळ धूड खांद्यावर मारून पडदेवाला तीन जिने चढला, तेव्हा त्याच्या डोक्यात भूतबीत काही नव्हतं. डोक्यात होती फक्त आई.

पडदेवाला म्हणजे घरोघरी खिडक्यांची मापं घेऊन पडदे शिवून लावणारा माणूस. कामाला एकदम चोख. एकदा मोजलं की पुन्हा मोजायचं, दोन्ही मापं जुळल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, असा त्याचा नेम. बायको चिडवायची, "अहो, लग्नाच्या आधी मलापण दोनदा बघायला आला होतात."

तर आई. दोन महिन्यांपासून ती हॉलमधल्या सोफ्याच्या उजव्या टोकाला पाठ भिंतीला लावून बसली होती. जेवण तिथे, टीव्ही तिथे, झोपही तिथेच, बसल्याबसल्या. आंघोळीला उठायची तर सुनेला हाक मारायची, "ये गं, मी येईपर्यंत माझ्या जागेवर बस." विचारलं की एकच उत्तर. "भिंतीमागे कोणीतरी श्वास घेतंय."

आता भिंतीमागे काय, तर मोकळी हवा. तिसरा मजला, खाली गाड्या लावायची जागा. पडदेवाल्याने बाथरूमच्या खिडकीतून मान बाहेर काढकाढून बघितलं होतं. नुसती गुळगुळीत भिंत, पाइपसुद्धा नाही.

ताईने फोनवर स्पष्टच सांगितलं. "छोट्या, मी एका ठिकाणी तिचं नाव घालून ठेवलंय. चांगली देखभाल करतात म्हाताऱ्या माणसांची. रविवारी दुपारी येते. तिचं डोकं ठिकाणावर दिसलं तर ठीक, नाहीतर घेऊन जाणार. तुम्ही दोघं दिवसभर कामावर, आणि ती अशी... उद्या काही झालं तर?"

आई त्या परक्या ठिकाणी एका ओळीतल्या खाटांपैकी एका खाटेवर, हे त्याला डोळ्यांसमोरही आणवेना. आईला जाऊ द्यायचं नाही, बस. डॉक्टर म्हणाले होते की तिचे कान मंदावलेत, अशा कानांत कधीकधी आपोआप आवाज येतात. मग त्याने आपलं डोकं चालवलं. टीव्हीचा आवाज किरटा, आईला त्यातलं धड काही कळत नाही, म्हणून तिचे कान नको ते ऐकत बसतात. खोली चांगल्या आवाजाने भरली, माणसांचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं, तर श्वासबिस जाईल खड्ड्यात!

जुन्या सामानाचा दुकानदार बोलघेवडा होता. "पुढे तीन स्पीकर... डावा, मधला, उजवा. मागे दोन. धमधम करणारा डबा वेगळा. पण खिसा हलका असेल तर मागचे दोन आणि डबा सोडून द्या. पिक्चरमधली माणसं बोलतात मधल्यातून. तो मात्र झकास घ्या. आणि भिंतीला जाड कापड लावा, आवाज घुमत नाही."

"कापडाचं मला नका हो शिकवू," पडदेवाला म्हणाला, आणि दोघंही हसले. खिसा हलकाच होता, त्याने पुढचे तीनच घेतले.

सोफ्यामागच्या भिंतीवर त्याने कुठल्याशा हॉटेलच्या ऑर्डरमधली उरलेली मखमल लावली, गडद जांभळी. सगळी लव हाताने खालच्या दिशेला बसवली. लव उलटी फिरली की मखमलीवर डाग पडल्यासारखं दिसतं, ते त्याला खपत नसे. आई त्याच्याकडे बघत होती. "लाव बाबा," ती म्हणाली. "त्याला काय, कापडाने अडतंय थोडंच."

शेवटचं काम राहिलं ते मोजमापाचं. मशीनबरोबर एक चिमुकला माईक होता. ऐकणाऱ्याचे कान जिथे येतात तिथे तो ठेवायचा, खोलीतून सगळ्यांनी बाहेर जायचं, दार लावायचं. मशीन एकेका स्पीकरमधून टूप् असा आवाज काढतं आणि तो किती लांब आहे ते आपलं आपणच मोजतं. पडदेवाला तर यावर बेहद्द खूश. टेप न लावता माप!

गुरुवारी दुपारी त्याने आईला उठवलं.

"माझ्या जागेवर कोण बसणार?"

"कोणी नाही गं, माईक ठेवतोय. पाचच मिनिटं."

"माईक म्हणजे माणूस नव्हे," आई पुटपुटली, पण लेकाचं मन मोडवेना म्हणून स्वयंपाकघरात जाऊन बसली.

तो दार लावून पॅसेजमध्ये उभा राहिला. आतून आवाज आला, टूप्. मग टूप्. मग टूप्. डावा, मधला, उजवा. झालं, असं म्हणून त्याने दाराच्या मुठीवर हात ठेवला. तेवढ्यात चौथ्यांदा आवाज आला.

टूप्.

टीव्हीवर यादी आली होती. पुढचा डावा, सात फूट. मधला, सात फूट. पुढचा उजवा, सात फूट. मागचा डावा, नाही. मागचा उजवा, आहे. अकरा फूट.

त्याने मशीनच्या मागे वाकून बघितलं. मागच्या स्पीकरांच्या खोबणी रिकाम्या. वायरचा एक तुकडाही नाही. त्याने दुकानदाराला फोन लावला.

"शक्यच नाही," तो म्हणाला. "खोबण रिकामी असेल तर तिथून आवाजच निघत नाही. नुसती शांतता. मशीन लिहितं, नाही. आहे म्हणायला कोणीतरी आवाज द्यावा लागतो ना साहेब. पुन्हा मोजा."

पुन्हा मोजायला तो काय, एका पायावर तयार. पुन्हा दार लावलं, पुन्हा चार आवाज. मागचा उजवा, आठ फूट.

आता त्याचं डोकं गरगरायला लागलं. अकरा आणि आठ, मापं जुळेनात! स्पीकर जागचे हलले नाहीत, माईक हलला नाही. मग तिसऱ्यांदा. या वेळी त्याने दाराला कान लावला. पहिले तीन आवाज कोरडे, कडक, मशीनचे. आणि चौथा... चौथा जरा ओला होता. ओठ मिटून मग हळूच उघडल्यासारखा. मशीनचं ऐकून कोणीतरी तोंडाने नक्कल करावी तसा.

पाच फूट.

"तीनदा रिकामी ठेवलीस माझी जागा," आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आता पुरे." आणि भराभर चालत जाऊन आपल्या जागेवर बसली, पाठ भिंतीला घट्ट लावून. तिच्या कपाळावर घाम होता.

त्या रात्री त्याला काही सुधरेना. मशीन बिघडलंय म्हणावं तर पुढची तीनही मापं त्याच्या टेपशी तंतोतंत जुळत होती. बरोबर आहे म्हणावं तर... तर काय? कूस बदलता बदलता त्याला एक गोष्ट सुचली आणि तो उठूनच बसला. मशीन बरोबर असेल तर आईचं डोकं शाबूत आहे! ताईला रविवारी हे माप दाखवायचं. भिंतीमागे काय आहे ते नंतर बघू, आधी आई घरात राहू दे.

बायको म्हणाली, "मला काही कळत नाहीये, पण करा." त्यालाही कळत होतं अशातला भाग नव्हता.

रविवारी दुपारी ताई आली. आईसाठी नवी चप्पल आणली होती, म्हणजे तिचा बेत ठरलेला होता. पडदेवाल्याने सगळं समजावून सांगितलं. ताई कंटाळून म्हणाली, "बरं, दाखव."

"आई, ऊठ. एकदाच."

"नाही."

"अगं, तुझ्याच भल्यासाठी! ताईला दिसू दे ना, तू खरं बोलतेस ते."

आईने त्याच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज शांत होता. "मला ठाऊक आहे मी खरं बोलते ते. मी नाही उठणार बाळा. अजून एकदा उठले तर ते..."

शेवटी तिला बसूच दिलं आणि तिच्या कानाशेजारी माईक ठेवला. बाकीचे पॅसेजमध्ये गेले. टूप्. टूप्. टूप्. पडदेवाला श्वास रोखून उभा राहिला. ताईने घड्याळ बघितलं. चौथा आवाज आलाच नाही.

मागचा उजवा, नाही.

"छोट्या," ताई त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, आणि तिलाही रडू फुटलं. "तू वाट्टेल ते करशील आईसाठी, मला माहीत आहे रे. पण आता पुरे."

आईने वाद घातला नाही. उठायच्या आधी तिने सुनेला जवळ बोलावलं, आपल्या जागेवर बसवलं, तिचे खांदे मागे दाबून भिंतीला टेकवले आणि मगच चप्पल घातली. पडदेवाला त्यांना खाली सोडायला गेला. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी तो तिथेच उभा होता.

वर आला तेव्हा बायको सोफ्यावरून उठून कामावर निघाली होती. ती दातांच्या दवाखान्यात नावनोंदणी करायची आणि त्या दिवशी तिची दुपारची पाळी होती. "मीपण किती वेळ बसू हो," ती ओशाळून म्हणाली आणि गेली.

सोफा रिकामा होता. गुरुवारी पाच फूट, आज नाही. हे कसलं माप? एकदाच मोजलेलं माप त्याने जन्मात खरं मानलं नव्हतं. त्याने आईच्या जागेवर माईक ठेवला, बाहेर गेला, दार लावलं. सवय, दुसरं काय.

टूप्. टूप्. टूप्.

टूप्.

दोन फूट.

तो यादीकडे बघत राहिला. मागे भिंत, सोफा भिंतीला चिकटलेला. मागे दोन फुटांना जागाच कुठे होती? मग आपोआप त्याच्यातला मापं घेणारा माणूस जागा झाला. बसलेल्या माणसाच्या कानापासून, त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडापर्यंत... दोन फूट.

त्याने मान वर केली. मखमलीवर, बरोबर तेवढ्या उंचीवर, लव उलटी फिरली होती. वीतभर रुंद, गडद. आणि त्या जागी कापड जरासं आत-बाहेर होत होतं.

आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ती जागा रिकामी राहिली तेव्हा, आणि तेव्हाच फक्त, ते पुढे सरकलं होतं. आज आई उठली असती तर ताईने चौथा आवाज ऐकला असता आणि आईचं घर सुटलं नसतं, पण ते आणखी पुढे आलं असतं. म्हणून ती उठली नव्हती.

तो धडपडत गेला आणि पाठ भिंतीला लावून बसला. मखमल गार होती. त्याने ताईला फोन लावला. "आईला दे."

"बसलास का?" आईने पहिलं हेच विचारलं.

"बसलो. आई, माझं चुकलं गं... मी तीनदा तुझी जागा..."

"रडू नकोस. पाठ लावून बस. बोलू नकोस त्याच्याशी. मी येईन म्हणते, पण ही ऐकायला हवी ना." मग गाडीचा आवाज, ताईचं काहीतरी, आणि फोन बंद.

संध्याकाळी बायको आली. दिवे लावले. चहा टाकला. "अहो, या ना, गार होतोय."

"इथेच आण."

ती हॉलच्या दारात आली आणि बघत राहिली. तो सोफ्याच्या उजव्या टोकाला बसला होता, खांदे मागे दाबून.

"उठा बघू," ती हळूच म्हणाली.

"मी उठतो, पण आधी तू इथे बस."

ती पॅसेजमध्ये गेली, आणि तिचा दबका आवाज त्याला ऐकू आला. "ताई... हो, मीच. नाही हो, यांचंच. त्याच जागेवर... हो, अगदी तस्संच. उद्या येता का?" मग दाराशी येऊन, आत पाऊल न टाकता, रडवेल्या आवाजात म्हणाली,

"आणि आधी तो टूप् टूप् आवाज काढणं बंद करा बरं. तोंडाने असं काय करताय? मला भीती वाटते."

पडदेवाल्याने ओठ घट्ट मिटले होते. केव्हापासूनच.