मॉरागनं लिहून दिलेलं कारण

मॉरागनं पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं... पोटच्या मुलाला घराबाहेर काढल्याचं पत्र आईनं कोणत्या शब्दांत लिहायचं असतं?

दुपारचे बारा वाजले तरी तो, तिचा फिनले, बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपला होता. एकतीस वर्षांचा. हेरॉइननं आधी त्याची सुतारकी खाल्ली, मग बायको, मग भाड्याचं घर. उरली ती आई आणि हा सोफा. आणि नेमका तो सोफाच आडवा येत होता. बेघरांना घरं देणाऱ्या सरकारी कचेरीतली बाई सकाळी म्हणाली होती, "तुमच्याकडे झोपतो ना? मग तो बेघर कसा? बेघर नाही, तर व्यसन सोडणाऱ्यांसाठीचा देखरेखीचा फ्लॅट नाही. ठेवू शकत नाही असं लिहून द्या. कारण घाला."

त्याला विश्वासात घ्यायची सोय नव्हती. फिनलेच्या तोंडात तीळ भिजत नसे. कचेरीतून फोन आला की हसत हसत सगळं सांगून बसला असता. म्हणजे त्याला खरोखरच काढायला हवं होतं.

तिनं लिहिलं : मला त्याची भीती वाटते. कारण भक्कम हवं, म्हणून लिहिलं... एवढंच.

"कुलूप बदलतेयस, आई?" संध्याकाळी पिशवी हातात घेऊन तो दारात उभा होता. "बाहेर बर्फ पडतोय. थट्टा पुरे."

"जा म्हणते ना."

तो गेला. रडायला म्हणून ती सोफ्यावर बसली आणि तिथेच तिला झोप लागली... कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी गाढ! जाग आल्यावर तिला स्वतःचीच शिसारी आली. मग त्या पत्रात खोटं काय होतं?

नऊ आठवडे तो डंडी शहरातल्या एका बंद दुकानाच्या दारात झोपला. ती बसमधून बघायची आणि उतरायची नाही. ही ममता की सुटकेचा श्वास, तिला कळेना.

एप्रिलच्या एका रविवारी भर दुपारी तो आला. दाढी केलेली, गाल बसलेले.

"फ्लॅट मिळाला. कागदांत तुझं पत्र होतं. ती बाई म्हणाली, इथे पुष्कळ आया असंच लिहून देतात. ते भीतीचं... नुसतं कारण म्हणूनच लिहिलंस ना?"

'हो' तिच्या ओठांवर आलं होतं. एका 'हो'नं सगळं मिटलं असतं.

"मला नाही कळत रे, फिन. लिहिताना खोटं वाटलं होतं."

तो बुटांकडे बघत राहिला. "मलाही भीती वाटायची. माझीच."

मग त्यानं टेबलावर एक किल्ली ठेवली. "माझ्याकडची जास्तीची. पुन्हा घसरलो, तर येऊन बघायला कुणी हवं."

नव्या कुलपाची दुसरी किल्ली नऊ आठवडे खणात पडून होती. ती त्याला द्यावी म्हणून मॉरागनं खण उघडला... आणि तिचा हात तिथेच थबकला.

फिनलेनं ते पाहिलं. "राहू दे, आई. मी बेल वाजवत जाईन."

तेव्हा कुठे तिला नऊ आठवड्यांचं रडू आलं.